केंटकी २०१९: पक्ष जिंकला, गव्हर्नर पडला

५ नोव्हेंबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात सहा राज्यव्यापी पदांसाठी मतदान झालं. पाच पदं रिपब्लिकन पक्षाने जिंकली. सहावं पद गव्हर्नरचं. तिथे त्याच पक्षाचे मॅट बेव्हिन उभे होते. चार वर्षं खुर्चीत बसलेले, आणि ज्यांच्यासाठी खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आदल्या रात्री सभा घेऊन गेले होते ते बेव्हिन पडले. डेमोक्रॅट अँडी बेशियर यांना ७,०९,८९० मतं मिळाली, बेव्हिन यांना ७,०४,७५४. फरक ५,१३६.

आकडा बघून याला निसटता पराभव म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर रिपब्लिकन पक्षाचे डॅनियल कॅमेरॉन ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या सरकारी वकिलाच्या, पदासाठी उभे होते. गडी नवा, कोणतीही निवडणूक पहिल्यांदाच लढणारा. त्यांना आठ लाख वीस हजारांहून जास्त मतं पडली, म्हणजे बेव्हिन यांच्यापेक्षा लाखाहून अधिक. हे लाखभर लोक पक्षावर नाराज नव्हते. पक्षाचे बाकीचे उमेदवार त्यांनी निवडूनच दिले. फक्त पहिल्या नावापाशी आल्यावर त्यांचं मन झालं नाही. तेव्हा प्रश्न पाच हजार मतं कुठे गेली हा नाही. जिंकून दिलेल्या पिचवर लाखभर मतं घालवायला गव्हर्नरने नेमकं काय केलं, हा आहे.

आधी थोडी जमीन समजून घेऊ. अमेरिकेतला गव्हर्नर राजभवनातला पाहुणा नसतो. लोक त्याला थेट निवडतात आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याची जागा त्याची. केंटकी म्हणजे पूर्वेला कोळशाच्या खाणींचे डोंगर, मध्ये घोड्यांची कुरणं आणि बॉर्बन व्हिस्कीच्या भट्ट्या, लुईव्हिल आणि लेक्सिंग्टन ही दोन मोठी शहरं, आणि एकूण १२० काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग. २०१६ साली ट्रम्प यांनी हे राज्य सुमारे ३० टक्क्यांच्या फरकाने जिंकलं होतं. त्याच वर्षी विधानमंडळाचं कनिष्ठ सभागृहही रिपब्लिकनांकडे गेलं, सुमारे शंभर वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे २०१७ पासून बेव्हिन यांच्या हातात दोन्ही सभागृहं होती.

पण गव्हर्नरच्या खुर्चीची इथली रीत निराळी. १९९२ च्या घटनादुरुस्तीपर्यंत केंटकीच्या गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नसे. ती मुभा मिळाल्यावर पहिले पॉल पॅटन, डेमोक्रॅट, १९९९ मध्ये पुन्हा जिंकले. २००७ मध्ये रिपब्लिकन अर्नी फ्लेचर पुन्हा उभे राहिले आणि सरकारी नोकरभरतीच्या घोटाळ्यात बुडाले. त्यांना हरवणारे स्टीव्ह बेशियर. बारा वर्षांनी बेव्हिन यांना हरवणारे अँडी हे त्यांचेच चिरंजीव. म्हणजे या राज्यात आजवर दोन रिपब्लिकन गव्हर्नरांनी दुसरी टर्म मागितली आणि दोघांनाही बेशियर घराण्याने घरी बसवलं. घराणेशाहीचा आरोप बेव्हिन यांनी केलाही, पण तो चालला नाही. वडिलांची आठवण लोकांच्या मनात बरी होती, आणि त्याला कारण होतं.

ते कारण म्हणजे मेडिकेड. ओबामांच्या आरोग्य कायद्याखाली राज्यांना गरिबांसाठीचा हा विमा विस्तारता येत होता. दक्षिणेकडच्या बहुतेक राज्यांनी नाक मुरडलं. स्टीव्ह बेशियर यांनी तो घेतला आणि 'कायनेक्ट' नावाचं राज्याचं स्वतःचं विमा-पोर्टल उभं केलं. ओबामा या नावाचा राग आणि कायनेक्टबद्दल आपुलकी, दोन्ही एकाच घरात नांदत होतं. चार लाखांहून अधिक लोकांना विमा मिळाला. त्यात डोंगराळ पूर्वेकडचे, पुढे ट्रम्पना भरभरून मतं देणारे लोक मोठ्या संख्येने होते.

बेव्हिन हे व्यापारी गृहस्थ. २०१४ मध्ये पक्षांतर्गत लढतीत थेट अमेरिकेच्या सिनेटमधले पक्षाचे नेते मिच मॅककॉनेल यांना आव्हान देऊन आपटले. २०१५ मध्ये गव्हर्नरपदाची उमेदवारी अवघ्या ८३ मतांनी मिळवली आणि मग मुख्य निवडणूक जवळपास नऊ टक्क्यांनी जिंकली. असा माणूस आल्या आल्या पक्षातल्या रुसलेल्यांना जवळ घेईल असं वाटावं. त्यांनी कुणालाच जवळ घेतलं नाही. कायनेक्ट बंद केलं. मेडिकेडच्या लाभार्थ्यांनी महिन्याला ८० तास काम दाखवावं अशी अट घालायचा घाट घातला. जून २०१८ मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने ती अडवली, तेव्हा प्रशासनाने १ जुलैपासून सुमारे ४ लाख ६० हजार लोकांचे दातांचे आणि डोळ्यांचे उपचार विम्यातून काढून टाकले. दवाखान्यात दात काढायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत. ओरड झाली आणि महिना संपायच्या आत सगळं पुन्हा सुरू करावं लागलं. कोर्टावरचा राग पेशंटवर काढला, असं लोकांना वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही.

पण खरी ठिणगी पडली ती पेन्शनवर.

इथे बेव्हिन यांच्या बाजूने बोललंच पाहिजे. केंटकीची सरकारी पेन्शन व्यवस्था देशातल्या सर्वात खंगलेल्या व्यवस्थांपैकी होती. वर्षानुवर्षं दोन्ही पक्षांच्या सरकारांनी आपला वाटा पुरता भरलाच नव्हता आणि पुढच्यावर ढकलून दिला होता. बेव्हिन यांनी अर्थसंकल्पात पेन्शनसाठी आधीच्यांपेक्षा जास्त पैसा घातला. त्यांचं गणित बरोबर होतं. 'व्यवस्था अशीच राहिली तर कोसळेल' हे वाक्य त्यांच्या विरोधकांनाही खोडता येत नव्हतं.

तरी शिक्षक का पेटले? कारण केंटकीतल्या शिक्षकांना सोशल सिक्युरिटी लागू नाही. अमेरिकेतल्या बहुतेक नोकरदारांना म्हातारपणी केंद्राकडून जे हमखास मिळतं, ते शिक्षकीच्या नोकरीवर यांना मिळत नाही. राज्याची पेन्शन एवढंच काय ते. तिला हात लागला की खाली दुसरं काही नाही. महाराष्ट्रातल्या २००५ नंतर लागलेल्या शिक्षकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय खेडेगावच्या कितीतरी काउंट्यांमध्ये शाळा हाच सर्वात मोठा मालक. मास्तरीणबाई, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, कॅन्टीनमधल्या बाई, त्यांचे नवरे, आईवडील, निवृत्त झालेली मावशी धरली, तर त्या काउंटीत शिक्षकांशी नातं नसलेलं घर शोधावं लागेल. आणि ही घरं मुख्यतः रिपब्लिकन होती. बेव्हिन शिक्षक संघटनेशी भांडतोय असं समजत होते. भांडण त्यांच्या स्वतःच्या मतदारयादीशी होतं.

२९ मार्च २०१८ ची दुपार पाहण्यासारखी आहे. अधिवेशन संपत आलेलं. पेन्शनचं मूळ विधेयक विरोधामुळे अडकून पडलेलं. त्या दुपारी समितीच्या बैठकीत सांडपाणी व्यवस्थेबद्दलचं एक साधं ११ पानांचं विधेयक, सिनेट बिल १५१, पुढे आलं. त्यातलं सांडपाणी काढून टाकलं गेलं आणि त्याच्या जागी २९१ पानांचा पेन्शन कायदा बसवला गेला. आमदारांना ते वाचायला वेळ नव्हता, लोकांना प्रत मिळाली नव्हती, त्याने नेमका किती पैसा वाचेल याचा हिशोब जोडलेला नव्हता. काही तासांत कनिष्ठ सभागृहात ४९ विरुद्ध ४६ आणि सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहात, २२ विरुद्ध १५ मतांनी ते पासही झालं. बाहेर दिवाणखान्यासारख्या त्या संगमरवरी दालनात शिक्षक घोषणा देत होते. दुसऱ्या दिवशी इतक्या शिक्षकांनी आजारपणाची रजा टाकली की लुईव्हिल, लेक्सिंग्टनसह अनेक काउंट्यांमधल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २ एप्रिलला फ्रँकफोर्ट या राजधानीत हजारो शिक्षक जमले.

विधेयकात काय होतं हे बहुतेकांना कधीच नीट कळलं नाही. जुन्यांची पेन्शन बरीचशी तशीच होती. मुख्य बदल नव्याने लागणाऱ्यांसाठी होता. पण 'सांडपाण्याचं विधेयक' हे नाव एकदा चिकटलं ते चिकटलंच. प्रचारतज्ज्ञांना लाखो डॉलर मोजूनही असलं नाव सुचलं नसतं, आणि ते सत्ताधाऱ्यांनी विरोधकांच्या हातात फुकट दिलं.

१३ एप्रिलला शिक्षक पुन्हा रजा टाकून राजधानीत आले. त्या संध्याकाळी बेव्हिन पत्रकारांसमोर म्हणाले की, मी खात्रीने सांगतो, आज केंटकीत कुठेतरी एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, कारण त्याच्याकडे बघायला घरी कुणी नव्हतं. हे वाक्य राज्यभर फिरलं. त्यांच्याच पक्षाच्या बहुमताच्या सभागृहाने निषेधाचा ठराव केला. नंतर बेव्हिन यांनी माफी मागितली. पण ती माफी किती दिवस टिकावी? एप्रिल २०१९ मध्ये लुईव्हिलमध्ये एका लहान मुलीला गोळी लागल्याच्या घटनेचा संबंध त्यांनी पुन्हा शिक्षकांच्या रजेशी जोडला. मधल्या काळात त्यांच्या कामगार खात्याने रजा टाकणाऱ्या शिक्षकांची नावं शाळांकडून समन्स काढून मागवली. गंमत म्हणजे शेवटी दंड कुणालाच केला नाही. धाक दाखवायचा, दुखवायचं आणि वर हाती काहीच लागू द्यायचं नाही, असा हा कारभार.

वाऱ्याची दिशा मे २०१८ मध्येच दिसली होती. विधेयकाला आकार देणारे सभागृहातले रिपब्लिकन नेते जोनाथन शेल यांना त्यांच्याच पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, हायस्कुलातल्या गणिताच्या शिक्षकाने १२३ मतांनी पाडलं. पाडणारे रिपब्लिकन, मतदारही रिपब्लिकन. यापेक्षा स्पष्ट चिठ्ठी कुणी पाठवत नाही.

आता अँडी बेशियर. २०१५ मध्ये ते ॲटर्नी जनरल झाले तेही जेमतेम दोन हजारांच्या फरकाने. केंटकीत हे पद स्वतंत्रपणे निवडलं जातं, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि सरकारी वकील दुसऱ्या पक्षाचा, असा संसार चार वर्षं चालला. बेशियर यांनी बेव्हिन यांना एकामागून एक खटल्यांत खेचलं. विद्यापीठांचा निधी गव्हर्नरने परस्पर कापला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. सिनेट बिल १५१ विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात ते स्वतः उभे राहून बोलले. १३ डिसेंबर २०१८ ला न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला. मुद्दा पेन्शनचा नव्हताच: राज्यघटनेप्रमाणे विधेयकाचं तीन वेगवेगळ्या दिवशी वाचन व्हावं लागतं, आणि सांडपाण्याच्या नावाने झालेली वाचनं पेन्शनच्या खात्यात धरता येत नाहीत. घाईने जे मिळवलं ते घाईनेच गेलं. बेव्हिन यांनी चारच दिवसांनी विशेष अधिवेशन बोलावलं. ते दुसऱ्याच दिवशी गुंडाळलं गेलं. गुंडाळणारे त्यांच्याच पक्षाचे आमदार.

उमेदवार म्हणून बेशियर फार रंगतदार नाहीत. सभेला उभे राहिले तर वकिलासारखे बोलतात. मे २०१९ च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत त्यांना ३८ टक्क्यांच्या आसपासच मतं होती. पण दोन गोष्टी त्यांनी नेमक्या केल्या. उपगव्हर्नरपदासाठी जॅकलीन कोलमन यांना घेतलं: शाळेच्या उपमुख्याध्यापिका, त्यातही बास्केटबॉलच्या प्रशिक्षक, आणि केंटकीत बास्केटबॉलचं काय स्थान आहे ते मुंबईकराला क्रिकेटवरून कळेल. दुसरी गोष्ट, ट्रम्प हे नाव त्यांनी शक्यतो तोंडातून काढलंच नाही. शिक्षकांना २,००० डॉलरची पगारवाढ, पेन्शन, मेडिकेड, आणि गव्हर्नरची भाषा. एवढंच, रोज, प्रत्येक गावात. पेन्शनसाठी पैसा कॅसिनोंमधून आणू असंही ते म्हणत. ते गणित कच्चं होतं आणि कॅसिनो पुढे कधी झालेही नाहीत, पण त्या वर्षी गणित तपासायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

बेव्हिन यांनी घरातही कमी भांडणं केली नाहीत. चार वर्षं सोबत असलेल्या उपगव्हर्नर जेनिन हॅम्प्टन यांना दुसऱ्या वेळी डावलून राल्फ अल्वाराडो यांना घेतलं. मग हॅम्प्टन यांच्या कर्मचाऱ्यांना परस्पर काढलं गेलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. पक्षाच्या प्राथमिक फेरीत एका फारशा नाव नसलेल्या आमदाराने पदावरच्या गव्हर्नरविरुद्ध ३९ टक्के मतं घेतली. २०१९ च्या सुरुवातीला एका राष्ट्रीय पाहणीत बेव्हिन देशातले सर्वात नावडते गव्हर्नर ठरले होते.

मग त्यांनी एकच पत्ता खेळला: निवडणूक केंटकीची नाहीच, वॉशिंग्टनची आहे. ट्रम्पवरचा महाभियोग, गर्भपात, सीमेवरचे स्थलांतरित. ऑक्टोबरच्या एका पाहणीत दोघे ४६-४६ वर आले, म्हणजे पत्ता अगदीच फुकट गेला नाही. ४ नोव्हेंबरला लेक्सिंग्टनच्या रप अरीनामध्ये ट्रम्प आले. सभेत ते म्हणाले की बेव्हिन हरले तर लोक म्हणतील, जगाच्या इतिहासातला सर्वात मोठा पराभव ट्रम्पचा झाला. माझ्यावर ती वेळ आणू नका. उमेदवार बाजूला आणि सभा स्वतःच्या अब्रूची. तरी माझं मत असं की ट्रम्प आले नसते तर फरक पाच हजारांपेक्षा बराच मोठा असता. त्या सभेने मतदान वाढलं, आणि वाढलेल्या मतदानातली बरीच मतं बेव्हिन यांना पडली. २०१५ मध्ये तीसच टक्क्यांच्या आसपास असलेलं मतदान या वेळी बेचाळीसच्या आसपास गेलं.

पडले कुठे ते नकाशावर स्पष्ट आहे. १२० पैकी ९७ काउंट्या बेव्हिन यांनी जिंकल्या आणि तरी हरले. लुईव्हिल आणि लेक्सिंग्टनमध्ये बेशियर यांना सुमारे दोन तृतीयांश मतं मिळाली. सिनसिनाटीला लागून असलेल्या उत्तरेकडच्या केंटन आणि कॅम्पबेल या काउंट्या, २०१५ मध्ये बेव्हिन यांच्या, या वेळी फिरल्या. पूर्वेच्या डोंगरात एलियट, फ्लॉइड, नॉट अशा काउंट्या, तीन वर्षांपूर्वी ट्रम्पकडे गेलेल्या, पेन्शन आणि मेडिकेडवर परत आल्या. लिबर्टेरियन या छोट्या तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉन हिक्स यांना २८,४३३ मतं पडली. त्यांच्यामुळे बेव्हिन हरले अशी हाकाटी झाली. त्या मतांवर बेव्हिन यांचा हक्क होता, असं धरून चाललं तरच ती पटते.

पुढचे नऊ दिवस अनावश्यक होते. बेव्हिन यांनी हार मानली नाही, मतदानात गडबड झाल्याचं म्हणाले आणि पुरावा दिला नाही. सिनेटचे अध्यक्ष रॉबर्ट स्टायव्हर्स यांनी निकालाचा फैसला विधानमंडळातही होऊ शकतो असं बोलून दाखवलं. केंटकीत हे वाक्य ऐकून इतिहास वाचलेल्यांच्या अंगावर काटा येतो: १८९९ च्या निवडणुकीचा वाद असाच विधानमंडळात गेला, आणि त्यात डेमोक्रॅट उमेदवार विल्यम गोबेल यांच्यावर राजधानीत गोळी झाडली गेली. मरणशय्येवर त्यांनी शपथ घेतली आणि चार दिवसांत गेले. २०१९ मध्ये तसं काही व्हायचं नव्हतं. बेव्हिन यांच्याच पक्षाचे आमदार एकेक करून म्हणू लागले की पुरावा दाखवा नाहीतर सोडा. १४ नोव्हेंबरला काउंट्यांनी आकड्यांची फेरतपासणी केली, काही बदललं नाही, आणि बेव्हिन यांनी पराभव मान्य केला. इतक्या चटकन आपल्याच लोकांनी हात वर केले, यावरून चार वर्षांत त्यांनी किती माणसं जोडली होती ते कळतं. जाता जाता त्यांनी चारशेहून अधिक माफ्या आणि शिक्षाकपातीवर सह्या केल्या. त्यात एक असा खुनी होता ज्याच्या कुटुंबाने बेव्हिन यांच्यासाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम ठेवला होता. ते प्रकरण वेगळं लिहावं लागेल.

पेन्शनचं पुढे काय झालं? २०२१ मध्ये विधानमंडळाने नव्याने लागणाऱ्या शिक्षकांसाठी वेगळी, मिश्र पद्धतीची योजना आणली. गव्हर्नर बेशियर यांनी तिला नकाराधिकार वापरला, रिपब्लिकन बहुमताने तो मोडून काढला, आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. बेव्हिन यांना हवं होतं त्याच्या बरंच जवळचं. या वेळी विधेयक सगळ्यांसमोर, आपल्या नावाने आणि आपल्या पायांनी आलं होतं. शाळा बंद पडल्या नाहीत.

२०२३ मध्ये खुर्चीत बेशियर होते आणि समोर तेच कॅमेरॉन, चार वर्षांपूर्वी बेव्हिन यांच्यापेक्षा लाखभर मतं जास्त घेतलेले. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी बेव्हिन राजधानीत आले, लांबलचक भाषण केलं आणि अर्ज न भरताच निघून गेले. कॅमेरॉन यांनी त्यांच्या वाटेने जायचं टाळलं: शिक्षकांच्या सुरुवातीच्या पगारात वाढ करू, असं ते सांगत फिरले. पण उपगव्हर्नरपदासाठी त्यांनी निवडलेले रॉबी मिल्स २०१८ मध्ये आमदार होते, आणि त्या दुपारी ४९ जणांमध्ये त्यांचाही हात वर होता. बेशियर यांच्या बाजूच्या लोकांनी ते मत पाच वर्षांनी उकरून काढलं. सांडपाण्याचं विधेयक पुन्हा प्रचारात आलं. बेशियर सुमारे पाच टक्क्यांनी जिंकले, आणि कोलमन दुसऱ्यांदा उपगव्हर्नर झाल्या.